नेरुळच्या घरात डीप फ्रीझर: किती लिटरचा, कोणत्या झाकणाचा आणि कुठे ठेवायचा?

वाचकाचे पत्र

आम्ही नेरुळला सिडकोच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. आम्ही दोघे, सासू-सासरे आणि सहा वर्षांची मुलगी अशी पाच माणसे आहोत. फ्रीज एका दाराचा, १९० लिटरचा, चार वर्षांपूर्वी घेतलेला आहे. मासळी आठवड्यातून तीनदा लागते. बेलापूरला दिवाळे गावात चांगली आणि स्वस्त मिळाली की जास्तीची आणावीशी वाटते, पण ठेवायला जागा नसते. मे महिन्यात रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या येतात, तेव्हा आमरसाचाही हाच प्रश्न उभा राहतो. पंधरा ते अठरा हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. ओळखीच्या एका दुकानदाराकडे आइस्क्रीमचा काचेच्या झाकणाचा ३०० लिटरचा जुना फ्रीझर आठ हजारांत मिळतो आहे. तो स्वस्तही आहे आणि मोठाही, तेव्हा घेऊन टाकावा, असे मिस्टरांचे म्हणणे आहे. मला मात्र विजेच्या बिलाची धास्ती वाटते. शिवाय तो ठेवावा लागेल ड्राय बाल्कनीत. काय करावे?

— एक वाचक, नेरुळ

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी निर्णय सांगतो आणि मग त्यामागची कारणे. जुना काचेचा फ्रीझर घेऊ नका. १०० ते १५० लिटरचा, पत्र्याच्या बंद झाकणाचा, म्हणजे दुकानात ज्याला ‘हार्ड टॉप’ म्हणतात तसा नवा फ्रीझर घ्या. १०० लिटरचा तुमच्या रकमेत बसेल. १५० लिटरचा घ्यायचा झाल्यास हात थोडा सैल सोडावा लागेल, किंवा दसरा-दिवाळीच्या सवलतीची वाट पाहावी लागेल.

तुमची गरज खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा जेमतेम पंधरा-वीस लिटरचा असतो. त्यात बर्फाचे ट्रे, दुधाची पिशवी आणि मटारचे एक पाकीट ठेवले की तो भरतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे गोठवलेले अन्न दीर्घकाळ टिकायचे तर त्याचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून खाली राहावे लागते आणि या कप्प्यात ते सातत्याने राहत नाही, कारण दार दिवसातून तीस-चाळीस वेळा उघडते. त्या कप्प्यात मासळी घट्ट झालेली दिसते, पण तिची चव आणि पोत पंधरवड्यातच उतरू लागतात. तुमचा फ्रीज दहा-बारा वर्षांचा असता, तर तो काढून मोठा, दोन दारांचा फ्रीज घ्या, असे मी सुचवले असते. तो चारच वर्षांचा असल्यामुळे वेगळा फ्रीझर घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

आता आकार. दर माणशी चाळीस-पंचेचाळीस लिटर असा एक हिशेब सांगितला जातो, पण तो महिन्याचे मांस एकदम भरून ठेवणाऱ्या घरांसाठी आहे. आपल्याकडे बाजार जिन्याखाली असतो, भाजी रोज येते, त्यामुळे माणसे मोजण्याऐवजी वस्तू मोजाव्यात. तुमच्या पत्रावरून मी असा अंदाज बांधला: सहा-सात किलो मासळी, दहा किलो आमरस, थंडीत मटार उतरले की सोललेले चार-पाच किलो, थोडे खवलेले ओले खोबरे आणि एखाद-दुसरी कोंबडी. हे सारे मिळून पंचवीस किलोंच्या आसपास जाते, आणि तेही एकाच वेळी सगळे असेलच असे नाही. डबे आणि पिशव्यांमधली मोकळी जागा धरली, तरी प्रत्यक्षात एका लिटरमध्ये साधारण अर्धा किलो माल मावतो. म्हणजे पन्नास-साठ लिटरची गरज आहे. १०० लिटर पुरेसे आहेत आणि १५० लिटरमध्ये पाहुण्यारावळ्यांचीही सोय होते. ३०० लिटरची पेटी तुमच्याकडे वर्षातले बहुतेक महिने अर्धी रिकामी राहील. पेटी मोठी असली की तळाशी गेलेल्या वस्तू विसरल्या जातात, हा भाग निराळाच.

मिस्टरांच्या प्रस्तावाकडे मी गांभीर्याने पाहिले, कारण आठ हजार आणि सोळा हजार यांतला फरक संसारात लहान नसतो. परंतु काचेचा फ्रीझर दुकानासाठी बनवलेला असतो. गिऱ्हाइकाला आतला माल दिसावा म्हणून काच ठेवलेली असते आणि त्या सोयीची किंमत वीज देते. पत्र्याच्या झाकणात फोमचा जाड थर असतो. काच त्यामानाने उष्णता सहज आत सोडते, आणि सरकत्या काचेच्या कडांमधून पावसाळ्याची दमट हवा आत जाऊन तिचा बर्फ होत राहतो. जुन्या यंत्रात त्याखेरीज कॉम्प्रेसर किती झिजला आहे हे कळत नाही, आणि भिंतीतला फोम ओलावा पिऊन निकामी झाला असेल तर तो बाहेरून ओळखूही येत नाही. आणखी एक बाब जरूर तपासावी. आइस्क्रीमच्या दुकानांतले पुष्कळ फ्रीझर हे आइस्क्रीम कंपन्यांनी वापरायला दिलेले असतात, ते दुकानदाराच्या मालकीचे नसतात. त्याच्याकडे खरेदीचे बिल नसेल, तर तो व्यवहार किमतीचा विचार न करताच सोडून द्यावा.

पैशांच्या भाषेत हेच पाहू. समजा, तो जुना फ्रीझर नव्या लहान फ्रीझरपेक्षा दिवसाला फक्त एक युनिट जास्त घेतो. वर्षाला ३६५ युनिट झाले. सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये पडतात असे मानले, तर वर्षाला ४,३८० रुपये होतात. म्हणजे वाचवलेले आठ हजार दोन वर्षांच्या आत महावितरणला जमा होतात, आणि मधल्या काळात गॅस भरण्याची किंवा कॉम्प्रेसर बदलण्याची वेळ आली, तर हिशेब त्याआधीच उलटतो.

बिलाची तुमची धास्ती मात्र थोडी कमी करता येईल. फ्रीझरवर बीईईचे, म्हणजे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, तारांकित लेबल असेल, तर त्यावर वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा छापलेला असतो. त्याला बाराने भागावे. वर्षाला ४८० युनिट लिहिले असतील, तर महिन्याला ४० झाले. ते प्रयोगशाळेतले मोजमाप असते, तेव्हा आपल्या एप्रिल-मेमध्ये आकडा काहीसा वर जाईल असे धरून चालावे. मग विजेच्या बिलावर मागील बारा महिन्यांचा वापर दिलेला असतो तो पाहावा. महावितरणचे घरगुती टप्पे १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. टप्पा ओलांडला की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असा एक गैरसमज घरोघरी आढळतो. तसे नसते, वरचा दर फक्त ओलांडलेल्या युनिटांना लागतो. तुमचा वापर महिन्याला २८० युनिट असेल आणि फ्रीझरचे ४० वाढले, तर त्यांतले २० जुन्याच टप्प्यात मोजले जातील आणि २० पुढच्या टप्प्यात.

जागेच्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या लहान घरांत फ्रीझर बिघडतात ते बहुतेक जागेमुळे. घरगुती पेटीफ्रीझरमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या पुष्कळदा बाहेरच्या पत्र्याच्या आतून फिरवलेल्या असतात. म्हणून चालू फ्रीझरच्या बाजूला हात लावला की ती गरम लागते. यात दोष काही नाही, पण ती बाजू भिंतीला किंवा वॉशिंग मशीनला चिकटवून ठेवली, तर उष्णता बाहेर जाणार कुठून? कॉम्प्रेसर अखंड चालत राहतो, बिल वाढते आणि त्याचे आयुष्य घटते. चारही बाजूंनी दहा सेंटिमीटर, आणि कॉम्प्रेसरची जाळी ज्या बाजूला असेल तिथे त्याहून थोडी जास्त मोकळी जागा हवी. झाकण वर उघडते, त्यामुळे वरची मांडणी किंवा कपड्यांची दोरी आड येत नाही ना, तेही पाहून घ्यावे.

तुमच्या ड्राय बाल्कनीत ऊन येते का आणि पावसाचे फवारे येतात का, हे पत्रात लिहिलेले नाही. दुपारचे ऊन थेट पेटीवर येत असेल किंवा जुलैमध्ये फरशी ओली राहत असेल, तर ती जागा योग्य नाही. मग बेडरूमचा एखादा कोपरा पत्करावा, कॉम्प्रेसरची बारीक घरघर सवयीची होते. बाल्कनी बंदिस्त आणि सावलीची असेल, तर चालेल. फक्त फ्रीझर जमिनीपासून चार बोटे उंच अशा लोखंडी स्टँडवर ठेवावा, म्हणजे बाल्कनी धुतलेले पाणी खाली साचून पत्रा गंजणार नाही. नेरुळला खाडीचा खारा वारा आहे. बिजागरी आणि खालच्या कडा महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून कोरड्या कराव्यात. वॉशिंग मशीन आणि फ्रीझर एकाच प्लगवर, किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर मुळीच लावू नयेत. जुन्या इमारतीतले अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेऊन फ्रीझरसाठी स्वतंत्र तीन पिनांचा सॉकेट काढून घ्यावा. हा खर्च अंदाजात आधीच धरा.

घरात सहा वर्षांची मुलगी आहे, म्हणून हे निक्षून सांगतो. कुलपाचाच फ्रीझर घ्या, तो नेहमी कुलूपबंद ठेवा आणि किल्ली तिच्या हाताला न येईल अशा खुंटीवर अडकवा. लपाछपी खेळणाऱ्या मुलाला पेटी ही लपण्याची जागा वाटते आणि झाकण आतून उघडता येत नाही.

दुकानात गेल्यावर रंग आणि तारे यांच्या पलीकडच्या काही गोष्टी पाहाव्यात. आपल्याकडच्या अनेक मॉडेलांत फ्रीझर आणि कूलर असे दोन पर्याय असतात. एका बटणावर पेटी उणे तापमानावरून फ्रीजच्या तापमानावर येते. सोय चांगली आहे, पण हे बटण पुष्कळदा खाली, जाळीजवळ असते आणि झाडू-पोछा करताना सहज फिरते. फ्रीझर घरी आला की त्यावर चिकटपट्टी लावून टाका. तळाशी पाणी सोडण्याची बुचाची नळी हवी, तिच्याविना पेटी साफ करणे फार कष्टाचे होते. आत जाळीची एक-दोन टोपली असावीत. सासूबाईंना वाकण्याचा त्रास असेल, तर दुकानातच झाकण उघडून तळाशी हात पोचतो का, ते त्यांनाच करून पाहू द्या. यंत्रात थंडावा निर्माण करणारा गॅस शक्यतो आर-२९० किंवा आर-६००ए असावा. हे दोन्ही वायू ज्वलनशील असले, तरी घरगुती यंत्रात त्यांचे प्रमाण फार थोडे असते, आणि हवामानाला ते जुन्या आर-१३४एच्या तुलनेत अगदीच कमी घातक आहेत. मात्र दुरुस्ती कंपनीच्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.

वॉरंटीबद्दल एक प्रश्न विचारायला विसरू नका. डीप फ्रीझर हे पुष्कळ कंपन्यांच्या लेखी व्यावसायिक उपकरण आहे, त्यामुळे पूर्ण यंत्राची वॉरंटी किती, कॉम्प्रेसरची किती आणि दुरुस्तीला माणूस नेरुळला घरी येणार की यंत्र केंद्रावर न्यावे लागणार, हे बिल करण्यापूर्वी वॉरंटी कार्डावर वाचून घ्या. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर थांबू नका. घरगुती उपकरणांच्या मोठ्या दुकानांत या प्रकारचे नमुने कमी असतात. हॉटेल-केटरिंगचे सामान विकणाऱ्यांकडे ते जास्त पाहायला मिळतात. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवून देण्याचे पैसे वेगळे आहेत का, हेही तिथेच ठरवा आणि त्याआधी जिन्याचे वळण आणि घराचे दार टेपने मोजून ठेवा.

यंत्र उभेच आणायला सांगा. आणल्यावर काही तास तसेच ठेवून मग चालू करा आणि रिकामेच चालवून पुरते गार होऊ द्या. तीन-चारशे रुपयांचा फ्रीझर थर्मामीटर आत ठेवा. उणे १८ दिसल्यावरच माल भरावा. एका दिवसात १०० लिटरच्या पेटीत तीन-चार किलोंहून अधिक ताजा माल घालू नये. जास्त घातला, तर सगळाच सावकाश गोठतो, त्यात बर्फाचे मोठे स्फटिक तयार होतात आणि मासळी सुटल्यावर तिचे पाणी होते. आंब्याच्या वेळी हे विशेष सांभाळावे लागेल. दहा किलो रस तीन-चार दिवसांत वाटून गोठवा.

मासळीसाठी मुद्दाम वेळ काढावा. दिवाळ्याहून आणलेली सुरमई घरी आल्या-आल्या साफ करून, धुऊन, तुकड्यांवरचे पाणी फडक्याने पूर्ण टिपून घ्यावे. आपल्याकडे हळद-मीठ लावून ठेवण्याची रीत आहे. हळद लावायला हरकत नाही, मीठ मात्र शिजवण्याच्या वेळी लावावे, कारण मिठामुळे मासळीतले तेल गोठलेल्या अवस्थेतही लवकर खवट होते. तुकड्या स्टीलच्या ताटात एकमेकींना न चिकटतील अशा मांडून आधी तासा-दोन तासांत कडक होऊ द्याव्यात, मग एका जेवणापुरत्या पिशवीत भरून, हवा दाबून काढून, वर तारीख लिहावी. अशाने हव्या तेवढ्याच तुकड्या सुट्या निघतात. सोललेली कोळंबी डब्यात बुडेल इतक्या पाण्यात गोठवली, तर ती कोरडी पडत नाही. बांगडा, तारली अशी तेलकट मासळी दोन-तीन महिन्यांत संपवावी. कमी तेलाची मासळी आणि कोळंबी पाच-सहा महिने चांगली राहते. राज्यात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, तेव्हा मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भरलेला फ्रीझर तुम्हाला बंदीचे दोन्ही महिने सहज पुरेल. विकत घेताना एवढे विचारावे की मासळी आधी गोठवलेली होती का. असेल, तर ती पुन्हा गोठवू नये.

आमरसात दूध घालू नका. अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत वर दोन बोटे जागा सोडून भरा, कारण गोठताना रस फुगतो आणि काचेची बरणी फुटते. उणे १८ अंशांवर तो पुढच्या हंगामापर्यंत राहतो. मटार उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे घालून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावेत आणि निथळून भरावेत. ओले खोबरे वाटीच्या मापाने पिशवीत चपटे करून ठेवावे.

वीज गेली, तर झाकण उघडू नका. गच्च भरलेली बंद पेटी साधारण ४८ तास आणि अर्धी भरलेली २४ तास थंडी धरून ठेवते. आपल्या उन्हाळ्यात त्यातून काही तास वजा करावेत. पेटी अर्धी रिकामी असेल, तेव्हा पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या तीन-चतुर्थांश भरून आत ठेवाव्यात, त्यांचा बर्फ हाच साठा होतो. महावितरणच्या देखभालीच्या काही तासांच्या बंदने तुमचे काहीही बिघडणार नाही. खरी जोखीम मेमध्ये गावाला जाताना असते. कुलूप लावताना मेन स्विच बंद करण्याची आपली सवय असते आणि त्या सवयीने फ्रीझरही बंद होतो. बाहेर पडताना मेन चालूच ठेवा आणि फ्रीझरचा सोडून फक्त इतर एमसीबी, म्हणजे बोर्डावरचे छोटे खटके, उतरवा. त्याखेरीज एक कसोटी ठेवून जा: वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवा. परत आल्यावर नाणे वर असेल, तर सगळे ठीक आहे. ते तळाशी गेलेले असेल, तर मध्ये बर्फ पूर्ण वितळून पुन्हा गोठला आहे, आणि मग मासळी व मांस टाकून द्यावे, वासावरून ठरवू नये.

या फ्रीझरमध्ये बर्फ आपोआप वितळत नाही. भिंतींवर अर्ध्या सेंटिमीटरचा थर झाला की तो काढावा लागतो. तुमच्या घरी त्याची सोयीची वेळ नारळी पौर्णिमेच्या सुमाराची आहे, कारण तोवर मेमध्ये भरलेली मासळी संपलेली असते आणि ताजी बाजारात येऊ लागलेली असते. उरलेले रसाचे डबे फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात आणि वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत ठेवा, प्लग काढा, खालचे बूच उघडून ताट लावा आणि आत गरम पाण्याचे पातेले ठेवून झाकण लोटून द्या. तासाभरात थर आपसूक सुटतो. सुरी किंवा उलथन्याने तो खरवडू नका. आतल्या अस्तराच्या लगेच मागे गॅसच्या नळ्या असतात आणि त्यांना एक भोक पडले, तर बहुतेक वेळा दुरुस्तीचा खर्च नव्या फ्रीझरच्या जवळ जातो.

आपला,
सदरलेखक